वाचन-सरावाच्या मोबाइल ॲपसाठी आवश्यकता कशा लिहाव्यात?

प्रश्न : आम्ही जिल्हा परिषद शाळांतील काही शिक्षक तिसरी-चौथीच्या मुलांसाठी मराठी वाचन-सरावाचे अँड्रॉइड ॲप तयार करू इच्छितो. एक विकसक मदतीला तयार असून त्यांनी आवश्यकता (ॲपने नेमके काय काय करावे, ते) लेखी मागितल्या आहेत. आमच्याकडे सध्या नुसती यादी आहे : गोष्टी, ध्वनिमुद्रण, प्रश्नमंजूषा, गुणफलक, शिक्षकांसाठी अहवाल. मुलांना फोन मिळतो तो आई किंवा वडील कामावरून परतल्यावर, आणि गावात नेटवर्कचा भरवसा नसतो. सुरुवात कोठून करावी?

उत्तर १ : तुम्ही शेवटी जे सहज लिहून गेलात, तीच तुमची पहिली आवश्यकता आहे. फोन पालकांचा आहे, म्हणजे एकाच फोनवर दोन-तीन भावंडांची स्वतंत्र खाती हवीत आणि त्यांसाठी ईमेल किंवा ओटीपी लागता कामा नये. फोन अधूनमधून काढून घेतला जाणार, म्हणून धडा जिथे थांबला तिथूनच पुन्हा सुरू झाला पाहिजे. आणि नेटवर्क नसताना गोष्ट वाचता-ऐकता आली पाहिजे आणि तिच्यावरील प्रश्न सोडवता आले पाहिजेत, मुलाच्या प्रगतीच्या नोंदी मात्र नेटवर्क येईल तेव्हा आपोआप सर्व्हरवर जाव्यात. २०१७ साली सुरू झालेल्या दीक्षा या केंद्र सरकारच्या शालेय शिक्षण मंचाच्या ॲपमध्येही मजकूर उतरवून नंतर नेटशिवाय पाहता येतो, तेव्हा ही मागणी विकसकाला नवखी वाटणार नाही.

प्रत्येक आवश्यकता तपासता येईल अशा शब्दांत लिहा. ‘ॲप हलके असावे’ या वाक्यावरून काम पूर्ण झाले की नाही, हे कोणालाच ठरवता येत नाही. त्याऐवजी ‘२ जीबी रॅमच्या फोनवर, विमान मोड चालू असताना, उतरवलेली गोष्ट ३ सेकंदांत उघडावी’ असे लिहा. ध्वनीचेही तसेच आहे : ६४ केबीपीएस (किलोबिट प्रति सेकंद) दराने ध्वनिमुद्रणाच्या एका मिनिटाला सुमारे ४८० केबी लागतात, केवळ आवाजासाठी ३२ केबीपीएस पुरेसे ठरले तर पाच मिनिटांची गोष्ट साधारण १.२ एमबीत बसते. हा हिशेब आधी केला, तर एका संचात किती गोष्टी द्यायच्या हे आपोआप ठरते. गुणफलक मात्र पहिल्या आवृत्तीतून वगळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. अडखळत वाचणाऱ्या मुलाला सर्वांत खाली आपले नाव दाखवून त्याचे वाचन सुधारत नाही.

उत्तर २ : वरील उत्तराशी सहमत आहे, परंतु अक्षरांचा मुद्दा राहिला. वाचनाच्या ॲपमध्ये अक्षरवळण हाच अभ्यासाचा विषय असतो. अनेक देवनागरी फाँटमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात, तर मुलांच्या पाठ्यपुस्तकात ते मराठी वळणाचे असतात. त्याचप्रमाणे ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन वेगळे शब्द पडद्यावर वेगळेच दिसले पाहिजेत. फाँटने मराठी वळण निवडावे म्हणून ॲपची भाषा मराठी अशी नोंदवलेली असावी, फाँट ॲपसोबतच द्यावा आणि अशा तीस-चाळीस शब्दांची चाचणी-यादी आवश्यकतांच्या दस्तऐवजाला जोडावी. ही यादी तुम्हीच करा. विकसकापेक्षा ती शिक्षकाला अधिक चांगली जमते.

प्रश्नकर्ता : मनःपूर्वक आभार. शिक्षकांच्या अहवालात मुलाची किती माहिती असावी?

उत्तर ३ : ज्या माहितीवरून तुम्ही दुसऱ्या दिवशी वर्गात काही वेगळे कराल, तेवढीच. कोणत्या जोडाक्षरावर मूल अडते हे कळले तर उपयोग आहे. ते रात्री किती वाजता ॲप उघडते, याचा नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक मानली आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती अपेक्षित आहे, त्यामुळे संमती कशी घ्यायची आणि नोंदी कधी पुसायच्या, हे आत्ताच लिहून ठेवा. शक्य असेल तर नाव फोनमध्येच राहू द्यावे आणि सर्व्हरवर केवळ शिक्षकाने दिलेला क्रमांक जावा.