नेच्याच्या पानामागचे ठिपके: बीजाणू पिकलेत हे कसं ओळखायचं?

रानवाटा: ड्रायॉप्टेरिस या नेच्याच्या पानामागचे तपकिरी ठिपके खरवडून पेरले, तर नुसती बुरशी येते. त्या भुकटीत बीजाणू असतात तरी का? ठिपक्यावरचं मूत्रपिंडाच्या आकाराचं झाकण आधी काढायचं का?

सूक्ष्मदर्शी: झाकणाला हात लावू नका आणि खरवडू तर अजिबात नका. ठिपका म्हणजे बीजाणुधान्यांचा, म्हणजे बीजाणू भरलेल्या इवल्या पिशव्यांचा पुंज, सोरस. वरचं झाकण म्हणजे इंड्युशियम. प्रत्येक देठदार धानीत बहुधा ६४ बीजाणू असतात: १६ मातृपेशी, अर्धसूत्री विभाजनानंतर प्रत्येकीचे चार. खरवडल्यावर कच्च्या धान्या, रिकामी टरफलं, झाकणाचे तुकडे असं सगळंच येतं आणि बुरशी त्यावर पोसते.

दहापट भिंगातून बघा. झाकण फिकट आणि सपाट असेल तर कच्चं. कडा आक्रसून उचलल्या असतील आणि खाली गडद, चकचकीत गोळे दिसत असतील तर पान लगेच तोडा. गंजाच्या रंगाचा, पिंजल्यासारखा पुंजका दिसला तर बीजाणू उडून गेलेत. ड्रायॉप्टेरिसच्या एकाच पुंजात वेगवेगळ्या वयाच्या धान्या असतात, त्यामुळे सगळ्या पिकायची वाट बघण्यात अर्थ नाही.

पान पिशवीत बंद ठेवत असाल तर तेही थांबवा. धानीची भिंत एका पेशीच्या जाडीची असते आणि तिच्यावरून ॲन्युलस, म्हणजे जाड पेशींचं वलय जातं. या पेशींची फक्त बाहेरची भिंत पातळ असते. पाणी उडालं की ती आत खेचली जाते, वलय मागे वाकतं आणि धानी फाटते. ताण आणखी वाढला की पेशींतल्या पाण्यात बुडबुडा होतो, वलय झटक्यात मिटतं आणि बीजाणू फेकले जातात. दमट हवेत यातलं काहीच होत नाही.

कुंडीवाला: पान पुंज खाली करून गुळगुळीत पांढऱ्या कागदावर ठेवा, वर दुसरा कागद. कोरड्या, वारा नसलेल्या जागी एक-दोन दिवस. मग कागद तिरका धरून टिचकी मारा: भुसा घरंगळतो, बारीक धूळ चिकटून राहते. तीच पेरायची. कोकोपीटवर उकळतं पाणी ओतून ते गार करा, वर बीजाणू भुरभुरा. माती टाकू नका, रुजायला उजेड लागतो. डबा झाकून २० ते २५ अंशांत, थेट उन्हाबाहेर ठेवा. काही आठवड्यांत हिरवी साय धरते. हृदयाच्या आकाराची पूर्वकायकं, म्हणजे बीजाणूतून आधी येणारी, शुक्रपेशी आणि अंडी तयार करणारी चपटी रोपटी दिसली की उकळून गार केलेलं पाणी फवारा, कारण शुक्रपेशी पोहत अंड्यापर्यंत जातात. दाट पेरलंत तर बहुतेक पूर्वकायकं नर निघतात.

रानवाटा: आणि हंसराज? त्यात झाकण सापडत नाही.

सूक्ष्मदर्शी: पानाची कडाच दुमडून खोटं झाकण होते आणि धान्या त्या दुमडीच्या आतल्या बाजूवर असतात. पॉलिपोडियम या नेच्यात पुंज उघडेच. सायर्टोमियम फॅल्केटम हा नेचा मिळाला तर त्यावर हात बसवा: धानीत ३२ बीजाणू, आणि फलनाशिवायच रोप येतं, त्यामुळे फवारणी चुकली तरी चालतं.