बेंच पॉवर सप्लायचा सिलेक्टर २२० वर की २४० वर? शिवाय अर्थिंगची शंका

अंबड_बेंच
अंबडला छोटं रिपेअरिंग युनिट आहे. सेकंडहँड लिनिअर (ट्रान्सफॉर्मरवाला) पॉवर सप्लाय घेतलाय. मागे सिलेक्टर १००/१२०/२२०/२४०, सध्या १२० वर, फ्यूज २ अँपिअर स्लो-ब्लो (क्षणिक झटका सोसणारा). अजून प्लग लावलेला नाही. आमच्याकडे दुपारी २२४ व्होल्ट असतात, रात्री आजूबाजूची वर्कशॉप्स बंद झाली की २४६. कोणता टॅप (सिलेक्टरची जागा) घेऊ?

दुसरं म्हणजे बेंचवरच्या पीसीच्या बॉडीला हात लागला की झिणझिण्या येतात. पीसी लावलेला असताना बोर्डावर फेज-न्यूट्रल २२८, फेज-अर्थ ११६, न्यूट्रल-अर्थ ११२ मिळतात. वायरमन म्हणतो, अर्थ न्यूट्रललाच जोडून टाकू.

लिनिअर_प्रेमी
२४० घ्या. अशा टॅपला बहुतेक वेळा खाली १० टक्के आणि वर ५ ते १० टक्के मुभा असते. म्हणजे २४० चा टॅप २१६ पासून निदान २५२ पर्यंत चालतो. २२० चा जास्तीत जास्त २४२ ला संपतो, तुमचे २४६ बाहेर राहतात. १२० वर ठेवून २३० दिले तर ट्रान्सफॉर्मरची कोअर सॅच्युरेट होऊन प्रायमरी (मेनकडचं वाइंडिंग) प्रचंड करंट ओढते. फ्यूज वेळेत उडाला तर ठीक, नाहीतर वाइंडिंग जळतं.

सिलेक्टर बदलताना कॉर्ड काढलेली हवी. फ्यूजही बदला. २४० वर करंट निम्मा होतो, म्हणून १ अँपिअर स्लो-ब्लो, २५० व्होल्टचा. मागच्या पट्टीवर वेगळा आकडा छापला असेल तर तोच खरा. २ चा तसाच ठेवला तर सप्लाय मजेत चालतो, फक्त फॉल्ट आला की फ्यूज उडत नाही. लोक नेमकं इथेच चुकतात.

पहिल्यांदा ६० वॉटचा फिलामेंटवाला बल्ब सिरीजमध्ये घालून, आउटपुटला काही न जोडता चालू करा. बल्ब क्षणभर चमकून मंदावला तर ठीक. भगभगीत राहिला तर लगेच बंद.

मेगर_सातपूर
११६ आणि ११२ म्हणजे बोर्डावरची अर्थ कुठेतरी तुटलेली आहे. पीसीच्या एसएमपीएसमध्ये (आतल्या पॉवर सप्लायमध्ये) फेज-बॉडी आणि न्यूट्रल-बॉडी असे छोटे कपॅसिटर असतात, ते लटकत्या अर्थला बरोबर मध्यावर ओढतात. पीसीचा प्लग काढून पुन्हा मोजा, आकडे भरकटतील. धोका असा की त्या बोर्डावरच्या एका वस्तूत फेज बॉडीला लागला तर बाकी सगळ्यांच्या बॉडीवर २३० येतील.

अर्थ न्यूट्रलला अजिबात जोडू देऊ नका. मागे कुठे न्यूट्रल सुटला की लोडमधून येणारा फेज थेट बॉडीवर.

मेन बंद करून अर्थची वायर सॉकेटपासून डीबीच्या (मुख्य वितरण पेटीच्या) अर्थ बारपर्यंत आणि तिथून जमिनीतल्या अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत तपासा. १ ओहमपेक्षा जास्त आला तर जोड शोधा, बहुधा गंजलेला नटबोल्ट निघतो. दुरुस्तीनंतर फेज-अर्थ जवळपास फेज-न्यूट्रलइतकं आणि न्यूट्रल-अर्थ लोडवर २-३ व्होल्टच्या आत यायला हवं. पण व्होल्ट मोजताना मल्टिमीटरचा इनपुट १० मेगओहमचा, म्हणजे करंट जवळपास शून्य, त्याला गंजका जोडही चांगलाच वाटतो. खड्ड्याचं मोजमाप अर्थ टेस्टरनेच करा. आपल्याकडे काळी माती मेमध्ये भेगाळते, म्हणून मोजायचं तर तेव्हा.

पॉवर सप्लायचंही बघा. प्लग काढून अर्थ पिन ते बॉडीचा उघडा स्क्रू, मीटरच्या लीड्सचा रेझिस्टन्स वजा करून ०.५ ओहमच्या आत. रंगावर प्रोब टेकवलात तर फसाल.

अंबड_बेंच
खड्डा ५ ओहमच्या आत आला म्हणजे पुरे ना? आणि फक्त बेंचसाठी वेगळा खड्डा घेतला तर?

मेगर_सातपूर
फक्त खड्ड्याच्या भरवशावर असाल तर ५ ओहमवर फॉल्ट करंट २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर. सी-३२ एमसीबीला (३२ अँपिअरच्या ऑटोमॅटिक स्विचला) झटकन ट्रिप व्हायला १६० च्या वर लागतात. म्हणून ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (अर्थकडे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) हवीच. खड्डा कितीही चांगला असला तरी.

वेगळा खड्डा घ्या हवं तर, पण मुख्य अर्थ बारला जोडूनच. सुटा ठेवलात तर वीज कडाडताना दोन खड्ड्यांमधला फरक तुमच्या केबल्समधून जातो.