नगरसेवक निवडायच्या आधी आमदारांनी सभागृहात काय केलं ते बघायला हवं की नको?

निळी शाई:
१५ जानेवारी २०२६ ला राज्यातल्या २९ महापालिकांचं मतदान आहे. दारात पत्रकं पडायला लागलीत, व्हॉट्सअ‍ॅपवर रोज दोन तरी इच्छुकांचे फोटो येतात. सगळीकडे बोलणं एकच, रस्ते, पाणी, कचरा. ते बरोबरच आहे, पण मला एक वेगळा मुद्दा मांडायचाय.

मुंबई, पुणे, नागपूर अशा कितीतरी शहरांत याआधीचं मतदान फेब्रुवारी २०१७ मध्ये झालं होतं. मुदत संपली मार्च २०२२ मध्ये. तेव्हापासून नगरसेवक नाहीत, सरकारने नेमलेला प्रशासक. आमच्या गल्लीत शाळेसमोरच्या चेंबरचं झाकण पावसाळ्यात गेलं, मी तीनदा ऑनलाइन तक्रार टाकली आणि तिन्ही वेळा "तक्रार निकाली काढण्यात आली" असा मेसेज आला, झाकण काही आलं नाही. शेवटी रिक्षावाल्यांनी त्यात फांदी रोवून वर लाल फडकं बांधलं. दोन महिने पोरं त्या फांदीला वळसा घालून शाळेत जात होती. आधी नगरसेवकाच्या घरी जाऊन भांडता तरी यायचं, आता भांडायला माणूसच नव्हता.

आणि ही निवडणूक एवढी का लांबली याचा एक धागा विधानसभेत जातो. मार्च २०२२ मध्ये प्रभागरचनेचे अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून काढून राज्य सरकारकडे घेणारी विधेयकं आली आणि दोन्ही सभागृहांत एकमताने पास झाली. त्याच्या आगेमागे मुंबईचे प्रभाग २२७ चे २३६ झाले, ऑगस्ट २०२२ मध्ये पुन्हा २२७. बाकी शहरांत तीन नगरसेवकांचा एक प्रभाग ठरला होता तो परत चारचा झाला. नगरपालिकांत नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडायचा हे २०१६ ला आलं, २०२० ला गेलं, २०२२ ला परत आलं. मला किती मतं द्यायची आणि कुणाला, हेसुद्धा आमदार ठरवतात! मग त्या आमदारांचं सभागृहातलं वागणं न बघता त्यांच्याच पक्षाच्या नगरसेवकाला मत कसं द्यायचं?

घाटमाथा:
ताई, तळमळ कळते पण असहमत. तुम्ही जे रेकॉर्ड बघा म्हणताय ते आपल्याकडे अस्तित्वातच नाही. आपल्याकडे बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने पास होतात. अध्यक्ष विचारतात, अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावं, आणि होयचं बहुमत म्हणून पुढे. २८८ पैकी कोण होय म्हणालं, कोण गप्प बसलं, कोण बाहेर कॅन्टीनला होतं, कुठेच लिहिलं जात नाही. नावानिशी मत नोंदवायचं तर मतविभागणी मागावी लागते आणि ती क्वचित होते.

दुसरं, व्हिप. १९८५ पासून पक्षांतरबंदी आहे. पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत दिलं किंवा मतदानाला दांडी मारली, आणि पक्षाने १५ दिवसांत माफ केलं नाही, तर आमदारकी जाऊ शकते. मग जे मत त्याचं नाहीच त्याच्यावरून त्याला जोखायचं कसं? पक्षाची भूमिका तर पेपरात येतेच.

निळी शाई:
घाटमाथा, आवाजी मतदानाचं बरोबर आहे, मला ते माहीत नव्हतं असं नाही. पण "नोंद नाही म्हणून बघू नका" हे मला पटत नाही. मत दिसत नसेल तर भाषण दिसतं. दुरुस्ती कोणी सुचवली, लक्षवेधी सूचना कोणी लावली, तारांकित (म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा) प्रश्न कोणी टाकला आणि कशावर टाकला हे सगळं कार्यवाहीत, म्हणजे सभागृहाच्या कामकाजाच्या लेखी नोंदीत, नावासकट असतं.

मी नगरविकासाच्या एका विधेयकाची कार्यवाही वाचली. विधानमंडळाच्या वेबसाइटवरून फाइल उतरवली, शब्द टाकून शोधता येत नव्हतं म्हणून पानं सरकवत बसले. मंत्र्यांचं निवेदन, दोघातिघांची भाषणं, आणि मग भराभर, खंड २ मतास टाकण्यात आला व संमत झाला, खंड ३ मतास टाकण्यात आला व संमत झाला. माझ्या शहरातला एकही आमदार त्यात बोललेला नाही. एकही! आणि त्याच आमदाराच्या नावाची पाटी आमच्या बागेतल्या प्रत्येक बाकावर आहे, "यांच्या स्थानिक विकास निधीतून". बाकं हवीतच, मी बसते त्यावर. पण बाकं नगरसेवकसुद्धा देऊ शकतो, कायद्यावर बोलायचं काम मात्र आमदाराशिवाय कोणी करू शकत नाही.

आणि व्हिप असतानाही माणसं उभी राहतात की. जुलै २०२५ मध्ये जनसुरक्षा विधेयक विधानसभेत आवाजी मतदानाने मंजूर झालं तेव्हा माकपचे डहाणूचे आमदार विनोद निकोले यांनी विरोध केला. विधेयक चांगलं की वाईट हा वेगळा विषय, पण त्यांच्या मतदारांना कळलं ना आपला माणूस कुठे उभा होता.

घाटमाथा:
निकोलेंचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. ते त्यांच्या पक्षाचे विधानसभेतले एकमेव आमदार आणि त्यांचा पक्षच त्या विधेयकाच्या विरोधात होता. व्हिप मोडून नाही, पक्षाच्या लाइनवर उभे राहिले ते.

निळी शाई:
हो, हे मान्य. उदाहरण चुकलं माझं.

रातपाळी:
मी सरळ बोलते, राग मानू नका. माझी ड्युटी रात्री दहा ते सकाळी सहा. घरी आलं की पाणी भरायचं असतं, ते सात ते आठ येतं, त्यात मोटर लावणारे वरच्या मजल्यावरचे. मला नगरसेवक असा पाहिजे जो फोन उचलतो आणि व्हॉल्व्ह सोडणाऱ्या माणसाला ओळखतो. आमदाराने विधानसभेत काय भाषण केलं यावर माझं पाणी पाच मिनिटं जास्त येणार आहे का?

आणि अन्याय पण आहे हा. आमच्या प्रभागात एक बाई उभ्या आहेत, पंधरा वर्षं बचत गट चालवतात, कोविडमध्ये घरोघरी डबे पोचवले त्यांनी. त्यांच्या पक्षाचा आमदार सभागृहात झोपतो म्हणून त्यांना मत द्यायचं नाही? त्यांचा काय दोष त्यात.

अनुस्वार:
रातपाळी यांचा मुद्दा या धाग्यातला सगळ्यात वजनदार आहे, त्यांना उत्तर द्यायला हवं.

पाण्याची पाइपलाइन, टाकी, व्हॉल्व्हवरचा माणूस, सगळ्याला पैसा लागतो. महापालिकेचा हक्काचा पैसा पूर्वी जकातीतून यायचा. मुंबई सोडून बाकी शहरांत जकात जाऊन एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, ऑगस्ट २०१५ मध्ये तोही बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाला, आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर मुंबईची जकातही गेली. त्याबदली महापालिकांना भरपाई देण्याचा कायदा विधिमंडळाने त्याच वर्षी मे महिन्यात केला. म्हणजे शहराचा एक मोठा उत्पन्नाचा झरा आता राज्याच्या हातात. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर २०२२ पासून माफ झाला, तोही राज्याचाच निर्णय. लोकांना दिलासा मिळाला, मी विरोधात नाही, पण तेवढं उत्पन्न महापालिकेचं कमी झालं. ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत शहरांसाठी १८ विषय दिले, त्यातलं प्रत्यक्षात किती सोपवायचं हेही राज्य ठरवतं. तुमच्या त्या डबे पोचवणाऱ्या बाई निवडून आल्या तरी त्यांच्या हातात काय असेल ते मुंबई-नागपूरला ठरतं.

रातपाळी:
हे मला माहीत नव्हतं, जीएसटीचं. पण मग विधानसभेच्या वेळी बघा ना रेकॉर्ड! त्या नोव्हेंबर २०२४ मध्ये झाल्या. आता बाईंना का शिक्षा.

तिसरा मजला:
रातपाळी यांच्याशी शंभर टक्के सहमत. आणि निळी शाई, तुमच्या पहिल्या पोस्टमध्येच एक अडचण आहे, कोणी बोललं कसं नाही. तुम्हीच म्हणता मार्च २०२२ ची विधेयकं एकमताने पास झाली. मग सत्ताधारी पण त्यात, विरोधक पण त्यात, नंतर दोन पक्ष फुटून चार झाले तेही त्यात. रेकॉर्ड बघून मी कोणाला वगळू? सगळेच वगळले तर नोटा.

शिवाय ती विधेयकं आली कशासाठी हे सांगायला हवं होतं. कोर्टाने ओबीसींच्या जागांचं आरक्षण थांबवलं होतं आणि ओबीसींशिवाय निवडणूक नको असं सगळ्याच पक्षांचं म्हणणं होतं. प्रभागरचना सरकारकडे घेतली की आरक्षणाचा तोडगा निघेपर्यंत वेळ मिळणार होता. माझ्या घरातून एक जण ओबीसी जागेवर लढणार होता, आमच्यासाठी ते विधेयक म्हणजे निवडणूक लांबवण्याचा डाव नव्हता, आमचा हक्क वाचवण्याचा प्रयत्न होता. नुसतं "एकमताने पास" एवढं वाचून माणसाला राग येईल, कारण वाचलं की मत बदलेल. अर्धवट रेकॉर्ड बघण्यापेक्षा न बघितलेलं बरं.

निळी शाई:
तिसरा मजला, ओबीसींचं मी लिहायला हवं होतं. चुकलं. तुमच्या घरात ती जागा काय होती हे मला बाहेरून नाही कळायचं.

पण शेवटच्या वाक्याशी मी भांडणार. अर्धवट वाटतंय तर पूर्ण वाचूया. सगळ्यांनी होय म्हटलं असेल तर प्रश्न बदलतो एवढंच, होय म्हणताना "निवडणूक अमुक महिन्यांत घ्या" असं कोणी म्हणालं का? आरक्षणही वाचेल आणि चार वर्षं शहर रिकामंही राहणार नाही, अशी मुदतीची दुरुस्ती कोणी सुचवली का? कारण आरक्षणाचा प्रश्न २०२२ च्या जुलैमध्ये बांठिया आयोगाचा अहवाल कोर्टाने मान्य केल्यावर बराच सुटला होता, त्यानंतरही तीन वर्षं गेली. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की निवडणुका घ्या. त्या तीन वर्षांत दर अधिवेशनात माझा आमदार यावर काय बोलला हे मला हवंय.

आणि रातपाळीताई, बाईंना शिक्षा नको, मान्य. मी त्यांना एकच विचारेन, उद्या परत मुदत संपल्यावर प्रशासक बसवला तर तुमच्या पक्षाच्या आमदाराच्या दारात तुम्ही जाल का? ज्या बाई पंधरा वर्षं गट चालवतात त्या याचं उत्तर देतील, मला खात्री आहे.

घाटमाथा:
उमेदवाराला विचारा हे मला पटलं, कार्यवाहीच्या फायली लोक उघडतील हे नाही पटत. मुंबईत प्रजा फाउंडेशन ही स्वयंसेवी संस्था आमदारांचं प्रगतीपुस्तक काढते, हजेरी, प्रश्न, सगळं. पण तिथेही एक खोट आहे, मंत्री प्रश्न विचारत नाहीत, त्यामुळे आकड्यांवरून सगळ्यांची तुलना होत नाही. आणि आमच्यासारख्या तालुक्याच्या गावाला तर तेवढंही कोण करणार.

अनुस्वार:
तालुक्यासाठी मी करतो. तुमच्या आमदाराचे शेवटच्या तीन अधिवेशनांतले प्रश्न काढून देतो, मतदारसंघ सांगा. फक्त प्रश्न आणि उत्तर, माझं मत त्यात घालणार नाही.

रातपाळी:
आज बाई आल्या होत्या प्रचाराला, मी नुकतीच झोपले होते तरी उठले. पाण्याचं विचारलं आणि तुमचं ते प्रशासकाचं पण विचारलं. पाण्याचं लगेच सांगितलं, टाकीचं काम कुठे अडलंय ते. प्रशासकाचं विचारल्यावर त्यांच्याबरोबरचा मुलगा मध्येच बोलायला लागला, त्याला थांबवून म्हणाल्या, "जाईन, पण तेव्हा तुम्ही पण याल का माझ्याबरोबर?" मी हो म्हटलंय. मत त्यांनाच देणार होते, अजूनही त्यांनाच. आमदाराचं रेकॉर्ड मी बघितलेलं नाही.