वल्हांडणाची गोष्ट घडलीच नसेल तर?

निर्मोही:
वल्हांडण हा ज्यूंचा सण. मोशेनं इस्राएली गुलामांना मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, सोडवून नेलं, ही बायबलच्या निर्गम या पुस्तकातली गोष्ट त्यात आठवतात. ती इतिहास म्हणून जशीच्या तशी टिकत नाही. ६ लाख पुरुष, वर बायकामुलं, ४० वर्षं रानात; आणि सिनाईत एवढ्या मुक्कामाची खूण सापडत नाही. इजिप्तच्या शिलालेखांत इस्राएल हे नाव ठळकपणे येतं ते मेर्नेप्ताह या फारोच्या, म्हणजे मिसरच्या राजाच्या, लेखात, इ.स.पू. १२०८ च्या सुमारास, तेही कनान प्रांतातले लोक म्हणून. तरी या सणाचं मोल माझ्या लेखी कमी होत नाही. राजघराणी आपली वंशावळ सूर्याचंद्राला नेऊन भिडवतात. ज्यूंनी मात्र पोराबाळांना दरवर्षी सांगायचं ठरवलं, की आपण फारोचे गुलाम होतो.

चौकस:
ही आठवण एवढी खोल असेल, तर निर्गमच्याच २१ व्या अध्यायात गुलाम विकत घ्यायचे नियम कसे? इब्री, म्हणजे इस्राएली, गुलाम सातव्या वर्षी सुटतो. परक्यांतून घेतलेला मात्र मुलांना वारसा म्हणून देता येतो, हे बायबलच्याच लेवीय या पुस्तकाच्या २५ व्या अध्यायात आहे. आणि फारोनं गुलाम सोडावेत म्हणून देवानं मिसरावर दहा पीडा आणल्या, त्यातली दहावी? थोरले मुलगे मेले त्यात जात्यामागे बसणाऱ्या दासीचाही होता, असं ११ वा अध्याय सांगतो. तिनं कुणाला राबवलं होतं?

निर्मोही:
दासीच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. पण त्याच धर्मग्रंथात, अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या २३ व्या अध्यायात, पळून आलेल्या दासाला धन्याच्या हवाली करू नका असंही आहे. ही गोष्ट धन्यांना किती धोक्याची वाटली ते पाहा: वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी १८०७ साली लंडनमध्ये बायबलाचे निवडक भाग छापले, त्यात मिसरातून सुटकेची कथाच गाळली. अमेरिकेत हॅरिएट टबमन गुलामांना पळवून नेत होती, तिला लोक मोशे म्हणत.

चौकस:
आणि त्याच पुस्तकात ‘दासांनो, धन्यांची आज्ञा पाळा’ हे ठेवलं. म्हणजे ग्रंथ दोघांच्याही कामी आला. मुक्ती मिळवली ती माणसांनी, श्रेय सणाला का द्यायचं?

अलिबागची लेक:
मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंपैकी. आमचे पूर्वज कोकणात तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद म्हणून शनवार तेली. इथे ज्यू म्हणून आमचा कुणी छळ केला नाही, तरी गुलामीची गोष्ट आम्ही सोडली नाही. १८७४ साली पुण्यात हगादा, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी, छापली गेली, हिब्रूसोबत मराठी. तिच्या चित्रात बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका लुगड्यात आहेत. चौकस, श्रेयाचं राहू द्या. प्रत्येक पिढीनं आपण स्वतः मिसरातून निघालो असं मानायचं, हे हगादेचं सांगणं आहे. ते मानलं की दुसऱ्याला राबवून घेताना जीभ अडखळायला हवी. अडखळत नसेल तर दोष आमचा, आणि तो आमच्या घरात बोलला गेला पाहिजे. दहा पीडांची नावं घेताना आम्ही प्याल्यातला रस थेंब थेंब कमी करतो, मेलेल्यांसाठी. त्या दासीचा मुलगाही त्यात धरावा असं मला वाटतं, आणि यंदा मी ते मोठ्यानं म्हणणार आहे.