दोदोलला डायबेटिस निघाला: इन्सुलिन, मीटर, खाणं आणि चवथ (गणेश चतुर्थी), सल्ला हवा

म्हार्दोळची_जाई
नमस्कार मंडळी. आमचा बोका दोदोल, वय ९, नसबंदी झालेला, एकेकाळी सात किलोचा गडी. मे महिन्यापासून पाणी प्यायला लागला ते असं की न्हाणीतली बादलीसुद्धा सोडेना, वाळूचा ट्रे सारखा ओला, खाणं दुप्पट आणि तरी पाठीचं हाड हाताला लागायला लागलं. आता मागचे पाय टाचेपर्यंत जमिनीला टेकवून चालतो, उडी मारून खिडकीत बसायचा ते बंद. डॉक्टरकडे नेला, साखर ४१२. मांजर घाबरलं की साखर तशीही चढते म्हणून त्यांनी फ्रुक्टोसामाईन (मागच्या दोन-तीन आठवड्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) पण केलं, तेही वाढलेलं. लघवीत साखर आहे, कीटोन (शरीर साखरेऐवजी चरबी जाळतं तेव्हा होणारे आम्लधर्मी पदार्थ) नाहीत. खाजेसाठी त्याला अधूनमधून स्टिरॉइडचं इंजेक्शन मिळायचं, त्याचाही हात असू शकतो म्हणाले.

ग्लार्जिन (बराच वेळ टिकणारं इन्सुलिन) सांगितलंय, १ युनिट सकाळी, १ संध्याकाळी, मध्ये १२ तास. घरी तपासायला मीटर कुठला घेऊ? खायला काय देऊ, सध्या सुकं पाकीट आणि नुस्तं (मासे) आलं की उकडून. आणि चवथीला आम्ही सगळी पेडण्याला मूळ घरी जातो तेव्हा ह्याचं काय करायचं? बजेट महिन्याला ३००० रुपये, त्याहून जास्त खरंच जमणार नाही, घरात सासूबाईंची औषधं आहेतच, त्यांनाही शुगर.

मांडवीपार
सरळ सेन्सर लावा, कातडीला चिकटून साखर सतत मोजणारा. फ्रीस्टाईल लिब्रे, माणसांचाच, मांजरांनाही लावतात. खांद्याजवळचे केस काढून चिकटवला की १४ दिवस बघायला नको, मोबाईल जवळ नेला की आकडा. आमच्या मिल्कीला लावलेला, आता सवय झाली तिला, कॉलर घातल्यासारखी मिरवते. शिवाय मांजरांचा खास मीटर आहे आमच्याकडे, भावाने दुबईहून आणला. पैसे जातील पण जिवापुढे पैसे काय.

सत्तरीचा_भाटकार
मांजराला इन्सुलिन! आमच्याकडे भाटात (बागायतीत) दहा-बारा मांजरं असायची, भात-हुमण (माशांची आमटी) खाऊन मस्त जगायची, कुणाला शुगर नव्हती. पाकिटातलं खाणं सुरू झालं आणि रोग आले. कारल्याचा रस द्या दोन थेंब, मेथीचं पाणी द्या. माझी स्वतःची शुगर कारल्यावर आहे.

दिवाडीची_मांजरवाली
भाटकार, तुमच्या भाटातल्या मांजरांची साखर तपासली कुणी होती? मेली की मेली, दुसरी आली. जाई, कारलं-मेथी काही देऊ नकोस. माझी मनी डायबेटिसची होती, इन्सुलिन लवकर सुरू केलं, खाण्यातलं पीठ कमी केलं, काही महिन्यांनी डॉक्टरनी इन्सुलिन पूर्ण बंद केलं. मांजरात हे होऊ शकतं, म्हणून सुरवातीचे दिवस वाया घालवू नकोस. पाणी मात्र कमी करू नकोस हां, पुष्कळ जण 'जास्त मुततो' म्हणून वाटी उचलतात.

निवृत्त_कंपाउंडर
मुख्य गोष्ट कुणी बोललंच नाही. सिरिंज. आपल्याकडे फार्मसीत इन्सुलिन म्हटलं की बऱ्याचदा लाल टोपीची सिरिंज हातात ठेवतात, ती यू-४० ची (एक मिलीत ४० युनिट). ग्लार्जिन येतं यू-१०० मध्ये (एक मिलीत १०० युनिट), त्याला केशरी टोपीची लागते. लाल सिरिंजमध्ये एका रेघेपर्यंत ग्लार्जिन भरलंत तर ते एक नाही, अडीच युनिट होतं. बोक्याला अडीचपट डोस! माझ्या ओळखीतल्या एका बाईंच्या मांजराला असंच झालं, फार्मसीवाल्याने 'सगळ्या सारख्याच' म्हणून दिली, मांजर रात्री आचके द्यायला लागलं, नशिबाने वाचलं. सिरिंज घ्यायचीच तर ३० युनिटवाली घ्या, अर्ध्या युनिटच्या रेघांची, पुढे डॉक्टर अर्धं युनिट कमी-जास्त करतात तेव्हा कामाला येते.

दुसरं, फ्रीजमध्ये मधल्या कप्प्यात, २ ते ८ डिग्री. बर्फाजवळ नको, दारात नको. गोठलेलं इन्सुलिन फेकायचं, वितळवून वापरायचं नाही. ग्लार्जिन पाण्यासारखं स्वच्छ असतं, गढूळ दिसलं तर ते गेलं.

खाणकामगार_निवृत्त
आमच्या बाबांची मेटफॉर्मिन आहे, अर्धी गोळी चुरून दुधातून देऊन बघा. इंजेक्शनचा त्रास नको मुक्या जनावराला.

निवृत्त_कंपाउंडर
नको. माणसाची ती गोळी मांजराला गुण देत नाही, उलट्या होतात आणि खाणं सुटतं, आणि डायबेटिसच्या मांजराने खाणं सोडणं म्हणजे आणखी पंचाईत. दूध तर त्याहून नको.

खाणकामगार_निवृत्त
पण बाबांना फरक पडला.

काणकोणची_लाट
सेन्सरच घ्या, वर कुणीतरी म्हटलंय ते बरोबर. आमचा शेजारी वापरतो, माणूस आहे तो, पण तत्त्व तेच.
खाण्याबद्दल: सुकं पाकीट आजच बंद करा. सुक्या खाण्यात पीठ लागतंच, नाहीतर ते दाणे बनणार कसे. ओलं खाणं द्या, पाऊच, पिठाचं प्रमाण कमी असलेलं, आणि ग्रेव्हीवालं नको, ग्रेव्हीत पीठ असतं. आणि आपण गोव्यात राहून मांजराला चिकनचे पाऊच का द्यायचे हो? तारले (छोटे तेलकट मासे) द्या ना, स्वस्त, ताजे.

बाणावलीचा_रापणकर
तारले कच्चे द्यायचे नाहीत हे सांगा की. कच्च्या तारल्या-बांगड्यात एक असं काही असतं की बी-१ व्हिटॅमिन खलास करतं, शिजवलं की ते जातं. शिवाय रोज नुसतं तेलकट नुस्तं दिलं तर ई व्हिटॅमिन कमी पडून अंगातली चरबी सुजते, मांजर हात लावू देत नाही. आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा तुम्ही बर्फातलं महाग नुस्तं मांजराला घालणार? तारले स्वस्त कुठल्या जमान्यात होते? काल मडगावात भाव विचारून मी परत आलो.

काणकोणची_लाट
मडगावात कशाला घेता, आमच्या धक्क्यावर या.

बाणावलीचा_रापणकर
तुमच्या धक्क्यावर यायला पेट्रोल किती जाईल ते पण सांगा.

मांडवीपार
विषय भरकटतोय. मिल्की फक्त इम्पोर्टेड पॅटे (डब्यातलं वाटलेलं ओलं खाणं) खाते, एका डब्याला जेवढे पडतात तेवढ्यात इसवण (सुरमई) येईल, पण तिची साखर बघा, आता १४० च्या आसपास.

दिवाडीची_मांजरवाली
जाई, खाणं एकदम बदलू नकोस. पीठ कमी झालं की साखर आपोआप उतरते, वर तेच इन्सुलिन चालू राहिलं तर साखर नको तेवढी खाली जाते. डॉक्टरला सांगून, तपासत तपासत बदल. उकडलेलं चिकन दिलं तरी नुसतं तेवढंच कायमचं नको, त्यात कॅल्शियम नाही, मांजराला लागणारं टॉरिनही पुरेसं मिळत नाही, अर्धं तरी पूर्ण आहाराचं पाकीट किंवा पाऊच असू दे.

मीटरचं म्हणशील तर सासूबाईंचा आहे ना घरात, तोच वापर, स्ट्रिप्स तेवढ्या लागतील. माणसाच्या मीटरवर मांजराची साखर खऱ्यापेक्षा कमी दिसते. तेव्हा आकडा डॉक्टरला सांगताना कुठल्या मीटरचा ते सांगायचं आणि दरवेळी तोच मीटर, आज एक उद्या दुसरा असं नको. खास मांजरांच्या मीटरशिवाय माझं काही अडलं नाही.

तपासायला रक्ताचा थेंब कानातून. पायमोज्यात मूठभर तांदूळ घालून थोडे गरम करायचे, आधी आपल्या मनगटावर लावून बघायचं, मग कानाला धरायचं, म्हणजे कडेची शीर फुगते. कडेला व्हॅसलिनचं बोट फिरवलं की थेंब केसात पसरत नाही, गोळा होऊन उभा राहतो. कानाच्या आत कापूस धरायचा, नाहीतर सुई आरपार आपल्या बोटात. थेंब मोहरीएवढा पुरतो, स्ट्रिप तो स्वतः ओढून घेते. लगेच कापसाने दाबून धर आणि चिकनचा एक तुकडा, दरवेळी. मनी पुढे पुढे मीटरची डबी वाजली की आपणच येऊन बसायची, तुकड्यासाठी.

आणि हे फ्रीजवर चिकटवून ठेव: लटपटला, गप्प पडला, थरथरला, डोळे भलतीकडे लागले तर साखर खाली गेलीय. शुद्धीत असेल तर आधी खायला दे. खात नसेल तर मध किंवा ग्लुकोजची घट्ट पेस्ट हिरड्यांना चोळायची, तोंडात ओतायचं नाही, श्वासनलिकेत जातं, आणि तसाच डॉक्टरकडे. जेवला नाही तर नेहमीचा डोस टोचायचा नाही, आधी फोन. टोचलं पण केसावरच सांडलं असं वाटलं तर पुन्हा टोचायचं नाही, एक डोस चुकला तर काही बिघडत नाही, दोनदा गेला तर बिघडतं.

नेट_वाचक_ताळगाव
अमेरिकेत गोळी आलीय हो मांजरांच्या डायबेटिसची, बेक्साग्लिफ्लोझिन, डिसेंबर २०२२ ला तिथल्या एफडीएने (औषधांना परवानगी देणारी सरकारी संस्था) मान्यता दिली. इंजेक्शनची कटकटच नाही. मागवा कुणाकडून तरी.

निवृत्त_कंपाउंडर
वाचलंय ते अर्धवट वाचलंय. ती गोळी इन्सुलिन चालू झालेल्या मांजरासाठी नाही. आणि त्या गोळीवर साखर नॉर्मल दिसत असताना आत कीटोन वाढू शकतात, म्हणून त्यांच्यावर नजर ठेवावी लागते. सुटकेसमधून आणून घरात देण्याची वस्तू नव्हे.

नेट_वाचक_ताळगाव
मी फक्त माहिती दिली.

सत्तरीचा_भाटकार
गोळी चालते, कारलं चालत नाही. असो.

साखळीची_सुनिता
चवथीचं कुणीच बोलत नाहीये. मी म्हणते बोर्डिंगमध्ये ठेवा, पण आधी विचारा इंजेक्शन देणार का, पुष्कळ जण हो म्हणतात आणि मग 'खात नव्हता म्हणून दिलं नाही' असं फोनवर सांगतात, आमच्या बाबतीत झालंय, पैसे मात्र पूर्ण घेतले. दुसरं, पेडण्याच्या घरात चवथीला माणसं किती, फटाके, माटोळीखाली (गणपतीवर फळं-भाज्या टांगतात ती चौकट) मुलं, बोका पळाला तर? घरीच ठेवा आणि शेजारच्या कुणाला तरी शिकवा. सासूबाईंवर मात्र टाकू नका, वयस्कर माणसाला त्या बारीक रेघा दिसत नाहीत.

काणकोणची_लाट
हो, सासूबाई नकोच. बोर्डिंगच बरं.

मांडवीपार
सासूबाई नको. सेन्सर असता तर घरी कुणी मोबाईल जवळ नेला की आकडा तुम्हाला पेडण्याला कळवता आला असता.

पेडणेकर_पावणो
पेडण्याला आणाच की, आम्ही आहोत. पण एक, नेवऱ्या (करंज्या) आणि पातोळ्या उघड्यावर ठेवू नका, आमच्या बोक्याने गेल्या चवथीला नेवऱ्यांचं सारण फस्त केलं होतं, आणि कौतुकाने पानातलं काढून घालणाऱ्या आत्या-मावश्या प्रत्येक घरात असतात, त्यांना आधी सांगून ठेवा. आणि करंट जातो, तुमच्या इन्सुलिनचं काय?

निवृत्त_कंपाउंडर
करंट गेला तर फ्रीज सारखा उघडायचा नाही, तासा-दोन तासात काही होत नाही. चालू केलेलं ग्लार्जिन ३० डिग्रीच्या खाली २८ दिवस बाहेरही राहतं, फक्त गाडीच्या डॅशबोर्डवर आणि उन्हात नको. न उघडलेलं मात्र फ्रीजमध्येच. प्रवासात नेताना बर्फाला थेट टेकवू नका, मध्ये फडकं.

म्हार्दोळची_जाई
सगळ्यांचे आभार, सिरिंजबद्दल तर फारच. आम्हाला खरंच लाल टोपीच्याच मिळाल्या होत्या, परत केल्या.

आता ठरलं ते सांगते, कुणाला पटणार नाही. सेन्सर नाही, तो एक घेतला की महिना संपला. मीटर सासूबाईंचाच. खाणं: डॉक्टर म्हणाले सुकं आज बंद करू नका, वजन करून रोज थोडं थोडं कमी करा आणि त्या जागी उकडलेलं चिकन आणि एक स्वस्तातला पाऊच, दर बदलाला आधी साखर बघा. नुस्तं आठवड्यातून एखाद्या दिवशी, उकडून, काटे काढून. आणि शेजारच्या काकी पोदेर (पाववाला) आला की दोदोलला उंडा (पाव) कुस्करून घालायच्या हे आता कळलं, त्यांना हात जोडून आलेय.

आणि इंजेक्शन सासूबाईच देणार. त्यांचंही ग्लार्जिनच आहे, पेनमधलं, कित्येक वर्षं स्वतःला टोचतात. मी सिरिंज घेऊन बोक्यामागे फिरत होते तेव्हा त्या म्हणाल्या, आण इकडे. दोदोलसाठी वेगळं पेन घेतलं, त्यावर लाल दोरा बांधलाय, दोघांची अदलाबदल नको आणि एकाच्या पेनने दुसऱ्याला तर कधीच नको असं डॉक्टरनी बजावलंय. एक युनिट फिरवलं की एक टिक वाजते, त्यांना रेघ बघावी लागत नाही, ऐकू उत्तम येतं. सुई दरवेळी नवीन, आधी दोन युनिट हवेत सोडून बघतात, मग कुशीवरची कातडी चिमटीत धरून टोचतात आणि दहा आकडे मोजूनच काढतात. डॉक्टरनी समोर करून घेतलं आणि चालेल म्हणाले, फक्त अर्ध्या युनिटची वेळ आली तर सिरिंजवर यावं लागेल. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत. चवथीला बोका पेडण्याला येतोय, वरच्या माडीच्या खोलीत, दाराला कडी, आणि चावी सासूबाईंच्या कमरेला.

साखळीची_सुनिता
तरी मी म्हणेन शेजाऱ्यांना शिकवून ठेवा.

निवृत्त_कंपाउंडर
पेन चालेल. दोन युनिट दरवेळी वाया जातात पण बोक्याचा डोस एवढासा आहे की तरी ३०० युनिटचं पेन महिनाभर पुरून उरेल. महिना झाल्यावर उरलेलं वापरायचं की नाही ते डॉक्टरला विचारा, स्वतः ठरवू नका. लाल दोऱ्याऐवजी चिकटपट्टी लावून नाव लिहा, दोरा सुटतो.

मांडवीपार
शुभेच्छा. सेन्सरचं मन झालं तर सांगा, माझ्याकडे एक जास्तीचा आहे, अर्ध्या किमतीत देईन.

दिवाडीची_मांजरवाली
एक्स्पायरी बघून घे गं.

खाणकामगार_निवृत्त
आमच्या कुत्रीला पण शुगर सांगितलीय आज. हेच सगळं तिला चालतं का?

निवृत्त_कंपाउंडर
नाही. कुत्र्यांचा डायबेटिस वेगळा, त्यांचं इन्सुलिन सहसा सुटत नाही, खाण्याचंही गणित वेगळं. नवीन धागा काढा. आणि बाबांची गोळी तिलाही देऊ नका.