शाळांना एपस्टाइन हवा म्हणे!

ब्रिजपोर्टकर:
शेजारच्या धाग्यावर विगलीवीर यांनी परवा एक पिल्लू सोडलंय. थोडक्यात असं: शिकागोच्या कब्ज या बेसबॉल संघाने २०११ च्या ऑक्टोबरात थिओ एपस्टाइनला कारभारी म्हणून आणलं, त्याने आधीचा संघ मोडीत काढला आणि २०१६ ला वर्ल्ड सिरीज, म्हणजे अजिंक्यपद, आणून १०८ वर्षांचा दुष्काळ संपवला. शिकागोच्या सरकारी शाळांनाही असाच एक माणूस द्या, शिक्षकांच्या युनियनला बाजूला बसवा, टाकाऊ शाळा आणि टाकाऊ शिक्षक काढा, पाच वर्षांत फरक दिसेल. खाली धडाधड +१. तिथेच उत्तर लिहायला बसलो होतो, पण डोकं तापलं आणि प्रतिसाद लांबला, म्हणून वेगळा धागा.

एपस्टाइन आल्यावर पहिल्याच मोसमात कब्ज १०१ सामने हरले. पुढच्या वर्षी ९६, त्याच्या पुढच्या वर्षी ८९. हरणं हाच बेत होता. तेव्हा जेवढं तळाला जाल तेवढा ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडायच्या रांगेत, वरचा नंबर मिळायचा. त्यातूनच २०१३ ला दुसऱ्या क्रमांकावर क्रिस ब्रायंट मिळाला आणि २०१४ ला चौथ्यावर काइल श्वार्बर. चाहते चरफडले, कब्जच्या विगली मैदानात बसून बिअर प्यायले, थांबले. तिसरीतल्या पोराला कोण सांगणार, की बाळा, तुझी तिसरी, चौथी, पाचवी आपल्याला मुद्दाम हरायची आहे, तू आठवीत गेलास की बघू?

आणि ड्राफ्ट काढायचाच तर नीट काढा. बेसबॉलमध्ये तेव्हा तळाच्याला आधी वाढायचे. शिकागोत २०१३ पासून दहा-अकरा वर्षं डोकी मोजून पैसे दिले. शाळेचा पट घसरला की बजेट घसरणार, मग ग्रंथपाल जाणार, संगीतशिक्षक जाणार, ते बघून आणखी चार घरं पोरांना काढून नेणार, की पुन्हा बजेटला कात्री. हरणाऱ्याचाच पगार कापायचा आणि वर म्हणायचं, बघा, हरतोय!

बरं, मोडून बांधायचा प्रयोग झालेला नाही असंही नाही. १९९५ पासून शाळा महापौरांच्या ताब्यात होत्या. २०१३ ला महापौर राम इमॅन्युएल यांच्या काळात एका फटक्यात सुमारे ५० शाळा बंद झाल्या. त्या बंद करणाऱ्या, शाळांच्या तेव्हाच्या सीईओ बार्बरा बर्ड-बेनेट पुढे कंत्राटातल्या लाचखोरीचा गुन्हा कबूल करून तुरुंगात गेल्या. घ्या तुमचा एपस्टाइन.

मोडतोडीचा भरवसा वाटत असेल तर शिकागोच्याच दुसऱ्या संघाकडे, आमच्या व्हाइट सॉक्सकडे बघा. डिसेंबर २०१६ मध्ये ख्रिस सेल बॉस्टनला दिला, पाठोपाठ अ‍ॅडम ईटन दिला, होतकरू पोरं गोळा केली, 'धीर धरा' म्हणाले. धीर धरला. २०२४ ला १२१ पराभव.

विगलीवीर:
साहेब, मोठा निबंध लिहिलात. उपमा कशासाठी असते हे कळलं तर बरं. मी शाळांनी हरावं असं म्हटलेलं नाही, जबाबदारी कुणाची तरी असावी एवढंच म्हटलं.

सॉक्सचं अपयश मोडतोडीचं नव्हतं. पोरं चांगली होती. २०२० ला प्लेऑफ (बाद फेरी), २०२१ ला ९३ विजय आणि विभागात पहिले. वाट लावली ती मालकाने. जेरी राइन्सडॉर्फ यांना १९८६ साली मॅनेजर टोनी ला रूसाला जाऊ दिल्याची खंत होती, म्हणून २०२० ला मॅनेजर रिक रेन्टेरियाला घरी पाठवून त्याच ला रूसाला, ७६ वर्षांच्या माणसाला, आणून बसवलं. तो २०११ नंतर डगआउटमध्ये, संघाच्या बाकावर, बसला नव्हता!

आता युनियन. २०१२ ला सात दिवस शाळा बंद, २०१९ ला अकरा दिवस. २०२३ ला तर शहराने युनियनचा माजी संघटकच महापौर केला. मजूर आणि मुकादम एकच. काढा बाई शिक्षक आता!

आणि मी हे हवेतून बोलत नाही. आम्ही आधी शहरातच राहायचो. मुलीच्या सहावीच्या वर्गाला गणिताचा कायमचा शिक्षक वर्षभर नव्हता. रोज नवा बदली शिक्षक, रोज तीच वर्कशीट. ती एकदा घरी येऊन म्हणाली, 'बाबा, आज पुन्हा अपूर्णांकांचं तेच पान.' मुख्याध्यापकांना भेटलो तर म्हणाले, माझ्या हातात काही नाही. हे वाक्य मी विसरलेलो नाही. त्याच उन्हाळ्यात घर विकलं.

तिरपा_डोळा:
विकून कुठे गेलात तेही लिहा की. नेपरव्हिलच्या उपनगरात बसून शहरातल्या शाळांना शिस्त लावायची, झकास आहे.

नेपरव्हिलकाका:
यात नेपरव्हिल कुठून आलं? आणि आलंच आहे तर सांगतो. माझ्या घरावरचा प्रॉपर्टी टॅक्स हप्त्यापेक्षा जास्त बोचतो. मुलं कॉलेजातून बाहेर पडून नोकरीला लागली तरी आम्ही भरतोय शाळांसाठी. त्यावर कुणी धागा काढत नाही. निवृत्तीनंतर माणसाने याच घरात राहायचं की नाही?

ब्रिजपोर्टकर:
काका, तुमचा टॅक्स तुमच्याच डिस्ट्रिक्टच्या शाळांत जातो. त्या शाळांच्या नावावर तुमच्या घराचा भाव चढतो, तो विकताना खिशात घालाल. शहरात घरं स्वस्त तर शाळा गरीब, शाळा गरीब तर घरं स्वस्त. २०१७ ला राज्याने शाळांना पैसे वाटायचं सूत्र बदललं तेव्हा जरा हात मिळाला. असो, तुमचा धागा तुम्ही काढा.

@विगलीवीर, मुलीच्या वर्गाबद्दल वाईट वाटलं, खरंच. पण मुख्याध्यापकाच्या हातात काही नव्हतं, यात दोष युनियनचा कसा? शिक्षक मिळत नव्हता, काढता येत नव्हता असं नाही. आणि युनियनवर एवढा राग असेल तर बेसबॉल बघणं सोडा. खेळाडूंची युनियन शिक्षकांपेक्षा कितीतरी खमकी आहे. १९९४ च्या संपात वर्ल्ड सिरीजच रद्द झाली, आणि तेव्हा आपल्या विभागात पहिल्या नंबरवर कोण होतं? आम्ही!

विगलीवीर:
१९९४ काढलंतच शेवटी. वाटच बघत होतो.

तिरपा_डोळा:
ला रूसाचा विषय निघालाय म्हणून. मे २०२१, मिनेसोटा. नववा डाव, सॉक्स १५-४ ने पुढे. मिनेसोटाने खरे पिचर वाया जाऊ नयेत म्हणून अस्तुदियोला चेंडू टाकायला उभं केलं, जो पिचरच नाही. काउंट ३-० (तीन चेंडू बाहेर, स्ट्राइक एकही नाही), ताशी ४७ मैलांचा लोंबता चेंडू. येर्मिन मर्सेडिसने तो उचलून प्रेक्षकांत टाकला. पोरगं नवखं, वर्षानुवर्षं मायनर लीगमध्ये, खालच्या स्पर्धांत, खितपत पडलेलं, एप्रिलमध्ये आग ओकत होतं. दुसऱ्या दिवशी त्याच्याच मॅनेजरने पत्रकारांसमोर त्याला झापलं. म्हणे, थांबायची खूण होती, प्रतिस्पर्ध्याचा मान ठेवायला हवा होता. त्या संध्याकाळी मिनेसोटाच्या डफीने मर्सेडिसच्या पाठीमागून चेंडू घातला, पंचांनी डफीला बाहेर काढलं, आणि ला रूसा म्हणतात, मला त्यात वावगं दिसलं नाही! जुलैत मर्सेडिस परत मायनरला.

विगलीवीर:
शंभर टक्के सहमत. (लिहिताना हात थरथरतोय.)

नेपरव्हिलकाका:
असहमत. खेळाला काही अलिखित संकेत असतात. पुढे असताना लोंबत्या चेंडूवर बॅट फिरवायची नसते. हल्लीच्या पोरांना शिस्त सांगितली की अपमान वाटतो.

तिरपा_डोळा:
काका, मिनेसोटाला मान हवा होता तर त्यांनी पिचर आणायचा. आणि सामना संपल्यावर पोराला खोलीत बोलावून सांगता येतं. चारचौघांत आपल्याच माणसाला तोडणारा मॅनेजर मी ऑफिसातही भोगलाय. त्या टीममधून वर्षभरात अर्धे लोक गेले, पहिला मी.

नेपरव्हिलकाका:
ला रूसा हॉल ऑफ फेममध्ये आहेत. तुम्ही आणि तुमचा मॅनेजर कुठे आहात?

ब्रिजपोर्टकर:
अहो, धागा शाळांचा आहे!

खडूफळा:
चला, शाळा आठवली कुणाला तरी. मी मराठवाड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर होते, आता इथे साउथ साइडला एका शाळेत मदतनीस शिक्षिका आहे.

'टाकाऊ शाळा बंद करा' हे वाक्य मी दोन खंडांत ऐकलंय. तिकडे २०२३ ला वीसच्या आतल्या पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचं निघालं, तेव्हा जुन्या मैत्रिणींचे फोनवर फोन. आमच्या वस्तीवरून पुढच्या गावच्या शाळेत जायचं तर मध्ये ओढा. पावसाळ्यात मुलगे चड्डी वर करून पार जायचे. मुलींना घरचे म्हणायचे, राहू दे आता. सातवीच्या पुढे एकही मुलगी त्या ओढ्यापलीकडे टिकली नाही, हे मी हजेरीपटावर बघितलंय.

इथे ओढा नाही, पण रस्ता आहे. बंद झालेल्या शाळेतली मुलं नव्या शाळेत जाताना दुसऱ्या टोळीच्या हद्दीतून जाणार, म्हणून शहराने कोपऱ्याकोपऱ्यावर भडक जाकिटं घातलेली माणसं उभी केली. 'सेफ पॅसेज' म्हणतात. मुलांना घरून शाळेत जायला असा पहारा लागतो, आणि आपण इथे बजेटचा ताळेबंद मांडतोय. आमची शाळा अशाच एका बंद शाळेची मुलं घेतलेली. त्यांच्या जुन्या शाळेचे बास्केटबॉलचे कप आमच्या तळघरात खोक्यात पडले होते. कुणी कपाटात लावले नाहीत, कारण 'आपले' नव्हते ना.

विगलीवीर:
ताई, तुमच्या अनुभवाचा आदर आहे. पण शहरातला पट या शतकाच्या सुरुवातीला सव्वाचार लाखांच्या वर होता, २०२४ ला सव्वातीन लाखांच्या घरात आला. काही हायस्कुलांत अख्ख्या इमारतीत शंभरही मुलं नाहीत. तिथे ना धड केमिस्ट्री शिकवता येत, ना वाद्यवृंद करता येत. त्या मुलांना तसंच ठेवणं ही माया आहे का?

खडूफळा:
नाही. पण बंद करायच्या आधी तिथल्या आयांना एकदा विचारायला काय जातं? २०१३ ला सुनावण्या झाल्या, माणसं रडली, ओरडली, आणि यादी जवळजवळ तशीच मंजूर झाली.

आकडेमोड:
दोन्ही बाजूंचं रडगाणं झालं असेल तर जरा आकडे. शिकागो विद्यापीठाच्या गटाने २०१८ ला मांडलं, की बंद शाळांतल्या मुलांची गणिताची पिछाडी पुढे चार वर्षं दिसत राहिली. म्हणजे ब्रिजपोर्टकर खूश. पण स्टॅनफर्डच्या रीअर्डन यांनी दाखवलं, की २००९ ते २०१४ मध्ये शिकागोची मुलं तिसरी ते आठवी या पाच वर्षांत सहा वर्षांचं शिकली. मोठ्या शहरांत असं सहसा होत नाही. म्हणजे 'शाळा बुडाल्या' हे विगलीवीरांचं पालुपदही खोटं.

खरी बेसबॉलवाली गोष्ट तर कुणी काढलीच नाही. नववीत मुलाने वर्षाची पाच क्रेडिटं मिळवली आणि मुख्य विषयांत वर्षभरात एकापेक्षा जास्त सत्रांचा एफ (नापास) नसला, तर तो 'ऑन-ट्रॅक'. असा मुलगा चार वर्षांत हायस्कूल पार करण्याची शक्यता इतरांच्या साडेतीन पट. परीक्षेचे गुणसुद्धा एवढं सांगत नाहीत. शाळांनी एवढंच केलं, की नववीतली यादी दर काही आठवड्यांनी काढायची आणि घसरणाऱ्या पोराला गाठून विचारायचं, काय झालं? कुणालाही विकलं नाही, कुणालाही काढलं नाही. पास होणाऱ्यांचं प्रमाण वाढत गेलं.

विगलीवीर:
आणि शिक्षकांनी एफ द्यायचंच सोडलं, तेही लिहा.

आकडेमोड:
काही ठिकाणी ढिलाई झाली असेलच. पण ऑन-ट्रॅक वाढला म्हणून अकरावीच्या परीक्षेचे गुण पडले नाहीत. आधी मुलं गळत होती, आता तीच मुलं परीक्षेला बसतायत, तरी पडले नाहीत.

ब्रिजपोर्टकर:
वाचताय ना, विगलीवीर? आणि तुमच्या एपस्टाइनचंही ऐका. हावी बाएझला ड्राफ्ट केलं जून २०११ मध्ये. विल्सन कॉन्ट्रेरास २००९ चा. दोघेही एपस्टाइनच्या आधीच्या जिम हेंड्रीच्या काळातले. आधीच्यांचं सगळं टाकाऊ असतं तर २०१६ ला सेकंड बेसवर कोण उभं राहिलं असतं, तुम्ही?

विगलीवीर:
हेंड्रीचे दोन मोहरे राहिले म्हणून पट हेंड्रीने मांडला होता असं होत नाही. अ‍ॅरिएटा कुणी आणला? रिझ्झो कुणी आणला?

पण ठीक आहे. तुमच्या समाधानासाठी 'टाकाऊ शिक्षक' मागे. 'टाकाऊ मालक' लिहून घ्या. कारण तुमचा राइन्सडॉर्फ आणि तुमचं सिटी हॉल यांच्यात मला फरक दिसत नाही. ऑक्टोबर २०२४ ला अख्ख्या शाळा बोर्डाने राजीनामे दिले, महापौरांनी नवं बोर्ड नेमलं, त्या बोर्डाने डिसेंबरात सीईओ पेड्रो मार्टिनेझ यांना काढलं. कारण? महापौरांना हवं होतं ते कर्ज काढायला ते तयार नव्हते. खेळाडूंचं राहू द्या, इथे मॅनेजरलाही कुणी खेळू देत नाही.

ब्रिजपोर्टकर:
यावर भांडायला काही सापडत नाहीये, म्हणून जास्तच चिडचिड होतेय. मी त्या महापौरांना मत दिलंय.

पण म्हणूनच निवडलेलं बोर्ड हवं होतं. २०२४ ला निवडणूक झाली, २०२७ पासून २१ च्या २१ जागा मतदारांच्या. आता जाब विचारायला दार तरी आहे.

विगलीवीर:
एकवीस मालक! सॉक्सला एक झेपला नाही.

नेपरव्हिलकाका:
त्या २१ जणांना टॅक्स कमी करायला सांगा आधी.

खडूफळा:
काका, तुम्हाला तिथे मतच नाही.

तिरपा_डोळा:
आणि ला रूसाचं काय ठरलं?