मदत हवी आहे: पाठांतराशिवाय सुटतील असे प्रश्न कसे तयार करावेत?

फोंड्याजवळ आमच्या वाड्यावर चवथीत (गणेशोत्सवात) सामान्यज्ञानाची प्रश्नमंजुषा घ्यायची आहे. शाळकरी मुलं आणि आजी-आजोबा एकाच गटात. प्रोजेक्टर नाही, मोबाइल बंद, वेळ तासाभराचा, भाषा मराठी.

स्पर्धापरीक्षांच्या पुस्तकांतले प्रश्न वापरून पाहिले. 'गोवा घटकराज्य कधी झालं?' म्हटलं की ज्याचं पाठ आहे तो ३० मे १९८७ सांगून मोकळा, बाकीचे गप्प. पर्याय दिले तर नुसते अंदाज. खरी मजा वेगळ्याच प्रश्नाला आली: पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी एका बाईवर हात पसरून उभा असलेला पुतळा कोणाचा आणि तो करतोय काय? पुतळा बहुतेकांनी पाहिलेला. बोलता बोलता संमोहनापर्यंत पोहोचले, मग १७५६ साली कांदोळीला जन्मलेल्या आबे फारियाचं नाव निघालं. असं कळलेलं मुलं विसरत नाहीत, घरी जाऊन इतरांना विचारतात. मला नेमकं तेच हवंय.

आता पुढचा विषय छापखान्याचा. अॅबिसिनियाला (आजच्या इथिओपियाला) निघालेला छापखाना १५५६ मध्ये गोव्यातच राहिला आणि भारतातली छपाई इथे सुरू झाली. वर्ष न विचारता, आजी आणि नातू दोघांनाही तर्काने उत्तरापर्यंत नेतील असे कोणते दुवे द्यावेत, आणि कोणत्या क्रमाने?